सत्तावन्न किलोंची कुस्ती

"निकाली झाली का?" फडावरून परतणाऱ्याला आमच्या भागात पहिला प्रश्न हाच. पैलवान कुठल्या तालमीचा, वजन किती, इनाम केवढं, ही चौकशी मागाहून. पाठ लागली तर कुस्ती झाली, नाही तर नुसती झटापट झाली, असा इथला सरळ हिशेब. आमचं सोनारी हे भैरवनाथाचं गाव, परंडा तालुक्यातलं. चैत्रात नाथाची यात्रा भरते. आजूबाजूच्या गावांतल्या जत्राही कुस्त्यांच्या फडाशिवाय पुऱ्या होत नाहीत. हलगी कडाडते, पैलवान मूठभर माती जोडीदाराच्या खांद्यावर टाकतो, सलामी होते, आणि कडेला बसलेली म्हातारी माणसं डोळे बारीक करून दोघांच्या पायांकडे पाहू लागतात. अशा वळणाच्या डोळ्यांना राहुल आवारेची कुस्ती पहिल्यांदा पाहताना चुकल्यासारखं होतं. गुण पडत राहतात, पाठ काही लागत नाही. तरीही गेल्या काही वर्षांत आपल्या मुलखानं जगाला दाखवलेली सगळ्यात चवदार कुस्ती ती हीच, असं माझं ठाम मत आहे. ती चाखायची कशी, ते सांगायचं आहे.

१२ एप्रिल २०१८. ऑस्ट्रेलियातलं गोल्ड कोस्ट, राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा, फ्रीस्टाइल ५७ किलो गटाची अंतिम लढत. एका बाजूला कॅनडाचा स्टीव्हन ताकाहाशी, दुसऱ्या बाजूला राहुल आवारे, गाव पाटोदा, जिल्हा बीड. निकाल १५-७, सुवर्णपदक राहुलला.

हा १५-७ नीट वाचावा. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की पंच लढत तिथंच थांबवतात. पाठ न लावता केलेली चितपटच ती. इथं फरक आठचा आहे, म्हणजे कुस्ती सहाच्या सहा मिनिटं चालली. जोडीदाराला खाली आणून त्याच्या मागं ताबा घेतला की दोन गुण. खाली आलेल्याची पाठ गादीकडे फिरवली की आणखी दोन. वर्तुळाबाहेर काढला तर एक. उभ्यानं उचलून थेट पाठीवर टाकला तर चार. बहुतेक वेळा गुण दोन-दोननंच चढतात. तेव्हा सहा मिनिटांत बावीस गुण म्हणजे दम खायला जागाच नव्हती. डाव पडला, तोड निघाली, तोडीवर पुन्हा डाव बसला.

आता त्या सातांकडे या. पंधरा गुण घेतले याचं कौतुक सगळ्यांनी केलं. मला रस आहे तो दिलेल्या सातांत. राष्ट्रकुलचं सुवर्ण समोर असताना शहाणा पैलवान आघाडी मिळाल्यावर काय करतो? कडेकडेनं फिरतो, हात धरून ठेवतो, मनगटं अडकवतो, पंचांनी ताकीद देईपर्यंत वेळ काढतो. नियमात बसतं, आणि पदकही मिळतं. राहुल तसा लढला असता तर निकाल कदाचित ६-३ लागला असता आणि रंगत गेली असती. तो पुन:पुन्हा आत शिरत राहिला. आत शिरणाऱ्याचं अंग उघडं पडतंच, म्हणून सात गुण गेले. अंतिम लढतीत सात गुण देणं हा बचावातला दोष आहे, तो मी झाकणार नाही. पण त्या दोषाशिवाय त्या पंधराला ही चव आली नसती.

त्याच दिवशीची उपांत्य लढत पाहिली की हे योगायोगानं घडलं नाही, याची खात्री पटते. पहिल्या दोन कुस्त्या त्यानं गुणांच्या फरकावर मुदतीआधीच संपवल्या होत्या. उपांत्य फेरीत समोर पाकिस्तानचा महंमद बिलाल आला. ती लढत १२-८. उपांत्य आणि अंतिम मिळून राहुलचे सत्तावीस, विरुद्ध पंधरा. एवढं देऊन एवढं घेणारा पैलवान हिशेबी नसतो. त्याचा भरवसा आपल्या पुढच्या डावावर असतो.

हलक्या वजनातला पट पाहायला सवयीचा डोळा लागतो. भारी पैलवानांची कुस्ती खांद्यावर आणि मानेवर दिसते. दोन डोंगर एकमेकांना रेटतात आणि लांबूनही कळतं कोण सरकला. सत्तावन्न किलोंत असं काही दिसत नाही. हातांची खडाखडी चाललेली असते आणि बघणारा तीच बघत बसतो. खरं काम खाली चाललेलं असतं. पुढच्या पायाचा चवडा इंचभर सरकतो. समोरच्यानं वजन टाचेवर घेतलं की तोच क्षण. गुडघा गादीला टेकतो, डोकं जोडीदाराच्या बरगडीला चिकटतं, एक हात त्याच्या गुडघ्यामागून फिरतो, आणि मागचा पाय ओढून घेईपर्यंत समोरचा एका पायावर नाचायला लागलेला असतो. हा एकेरी पट. डोकं बरगडीपासून चार बोटं सुटलं तरी समोरचा मान दाबून खाली घालतो आणि स्वत:च मागं जातो. आपल्याला मिळायचे ते दोन गुण त्याचे होतात. हलक्या वजनात डाव आणि फसगत यांच्यात एवढंच अंतर असतं. दोन्ही बाजूंना गुण का पडतात, त्याचंही उत्तर इथंच आहे.

एवढ्या थोड्या अंतरावर वारंवार उडी घ्यायची तर पडायची भीती मोडलेली असावी लागते. राहुलचं घर इथं कामाला येतं. वडील बाळासाहेब आवारे पैलवान, भाऊ गोकुळही पैलवान. पैलवानाच्या घरातल्या पोराला ताकद वारशानं मिळते, असं लोक समजतात. ताकद मेहनतीनं येते. जोर-बैठका कुणाच्या बापाच्या खात्यावरून काढता येत नाहीत. घरातून मिळते ती दुसरी गोष्ट. चालता यायच्या वयापासून ते पोर बापाकडून, भावाकडून, आखाड्यातल्या थोरांकडून रोज पाडलं जातं. पडणं त्याला रोजच्या भाकरीइतकं ओळखीचं होतं. पडल्यावर रडत बसायचं नसतं, अंग झटकून पुन्हा सलामी द्यायची असते, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. मोठेपणी तालमीत आलेला मुलगा डाव शिकतो, वेगही कमावतो, पण दोन गुण गेले की त्याचा चेहरा पडतो. राहुलचा पडत नाही. कुस्तीचं घराणं शोधायचं तर मी ते त्याच्या जिंकलेल्या पंधरा गुणांत शोधणार नाही, गेलेल्या सातांत शोधेन.

घराण्यातलं दुसरं शहाणपण व्यवहारातलं. आमच्याकडं कुस्तीवर पोट भरतं ते जत्रेतल्या इनामावर. फडाची सुरुवात बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते, मग इनाम चढत जातं, आणि शेवटची मोठी कुस्ती, जिच्यासाठी पंचक्रोशी लोटते, ती हमखास भारी वजनाची. महाराष्ट्र केसरीची गदाही ८६ ते १२५ किलोंच्या गटातूनच निघते. सत्तावन्न किलोंचा पैलवान कितीही चपळ असो, त्या गदेला हात लावू शकत नाही. हलक्या अंगाच्या पोरानं फडावर जन्म काढला तर दुपारच्या उन्हातल्या कुस्त्या आणि तुटपुंजं इनाम एवढंच हाती येतं. त्याला वाट उरते ती गादीची, देशाच्या संघाची, आणि पुढं सरकारी नोकरीची. पाटोद्याचा हा मुलगा पुण्याला गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदार यांच्याकडे गेला, ही त्याच्या कारकिर्दीतली पहिली नेमकी पकड.

बिराजदार वस्तादांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण ते आमचे. रामलिंग मुदगड हे त्यांचं गाव आज लातूर जिल्ह्यात मोडतं, पण १९८२ साली लातूर वेगळा होईपर्यंत ते आमच्याच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात होतं. १९६९चे महाराष्ट्र केसरी, पुढं रुस्तुम-ए-हिंद, आणि १९७७ साली बेळगावात सतपालला हरवणारे पैलवान. त्या कुस्तीचं नाव काढलं की आमच्याकडचे जुने शौकीन आजही सावरून बसतात. लाल मातीतला हा भारी मल्ल पोरं घडवायला बसला, तेव्हा त्यानं आपल्यासारखेच धिप्पाड शोधले नाहीत. हलक्या अंगाच्या पोरांतही त्याला पैलवान दिसला. हरून आलेल्या पैलवानाला उभं करणारे वस्ताद पुष्कळ असतात. आपल्या अंगाहून निराळ्या अंगाची कुस्ती ओळखणारा वस्ताद दुर्मीळ. बिराजदारांचेच पठ्ठे काका पवार, तेही लातूरकडचेच, ग्रीको-रोमनचे मल्ल. २०११ साली वस्ताद गेले. त्यानंतर राहुलचा हात काकांनी धरला. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायला बंदी, सगळं काम छातीशी छाती भिडवून करायचं. राहुल वरून मिठी बांधून जोडीदाराला फिरवतो, तेव्हा मला त्यात काकांचा हात दिसतो. खाली पटात शिरतो, तेव्हा मातीतली तालीम दिसते. पुढं तो काकांचा जावईही झाला. म्हणजे कुस्तीच्या एका घरातून निघून तो दुसऱ्यात पोचला.

इथं खाशाबा जाधवांची आठवण अटळ आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा, पैलवान दादासाहेब जाधवांचे चिरंजीव. १९४८ला लंडनमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले आणि १९५२ला हेलसिंकीत बँटमवेटचं कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या बँटमवेटची मर्यादा होती ५७ किलो. महाराष्ट्र ज्या वजनाला गदा देत नाही, त्याच वजनानं महाराष्ट्राला ऑलिंपिकच्या व्यासपीठावर नेलं. पैलवान बापाची दोन मुलं, मधे सासष्ट वर्षं, वजन तेच. खाशाबांच्या कुस्तीचं वर्णन ज्यांनी केलं, त्यांनी चपळाई हा एकच शब्द फिरवून फिरवून वापरला. त्या शब्दात काय भरलेलं असतं, हे मला राहुलला पाहून कळलं.

भारताच्या कुस्तीत ५७ किलोंचा गट हा मुळात काट्याचा. खाशाबांनंतर याच वजनात रवी दहियानं टोकियोत रौप्य आणलं आणि २०२४ला पॅरिसमध्ये अमन सेहरावतनं कांस्य. ज्या रांगेत असे मल्ल उभे, त्या रांगेत राहुल ऐन उमेदीची वर्षं उभा होता. २०१२च्या लंडन ऑलिंपिकला ५५ किलोंत अमित कुमार गेला. २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुलला ५७ किलोंचं सुवर्णही अमितचंच. २०१६च्या रिओला संदीप तोमर गेला. टोकियोला रवी दहिया. २०११मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचं कांस्य घेतलेल्या पैलवानाला पुढची मोठी चमक दाखवायला २०१८ उजाडावं लागलं. सात वर्षं. या वयातली सात वर्षं म्हणजे पैलवानाचं निम्मं आयुष्य. या काळात किती जण तालीम सोडून गावाकडं वळतात, हे ज्याच्या गावात तालीम आहे त्याला सांगायला नको. मातीत हळद, ताक, तेल, लिंबू पडत राहतं, फावडं चालत राहतं, आणि कालपर्यंत पहाटे येणारा एखादा पोरगा एक दिवस यायचा थांबतो. राहुल थांबला नाही.

या सात वर्षांच्या खोळंब्याचं एक कारण नियमांतही आहे, आणि रसिकानं तो लक्षात घेतला तर कुस्ती जास्त समजते. २०१३पर्यंत लढत दोन-दोन मिनिटांच्या तीन डावांत खेळली जाई आणि प्रत्येक डावाचा निकाल वेगळा लागे. पहिला डाव तुम्ही मोठ्या फरकानं जिंकलात, तरी दुसरा सुरू होताना पाटी कोरी. डाव शून्य-शून्य राहिला तर चेंडू काढून ठरवत की आता पाय कुणी धरायचा. अशा पद्धतीत आखडून लढणाऱ्याचं फावतं. एक गुण घ्यायचा आणि दोन मिनिटं जपायचा. २०१३ला नियम बदलले. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग आले, गुण शेवटपर्यंत साठत जाऊ लागले, खाली आणण्याचा एक गुण होता त्याचे दोन झाले. देऊन घेणाऱ्या पैलवानाला हा नियम हवाच होता. दोन गुण गेले तरी चार मिळवायला वेळ असतो. राहुलची कुस्ती आधीपासून अशीच होती. ती मोजायचं माप नंतर आलं. सगळी देरी मी नियमांच्या माथी मारत नाही, रांग होतीच. तरी २०१८ची पाटी वाचताना हा बदल डोळ्यांपुढं ठेवावा.

गोल्ड कोस्टचं सुवर्ण राहुलनं बिराजदार वस्तादांना वाहिलं. त्याच दिवशी सुशील कुमारनंही ७४ किलोंचं सुवर्ण घेतलं, त्यामुळं देशभरच्या बातम्यांत नाव सुशीलचं मोठं होतं. आमच्याकडं मात्र पाटोद्याचं. सोनारीहून उत्तरेला गेलं की जामखेड, जामखेडच्या पुढं पाटोदा. जिल्हा बदलतो, माणसं तीच. त्याच वर्षी डिसेंबरात आमच्या पश्चिमेच्या करमाळा तालुक्यातल्या खडकीचा बालारफिक शेख जालन्यात अभिजित कटकेला हरवून महाराष्ट्र केसरी झाला. तोही पैलवानांच्याच घरातला. एका वर्षात या कोरडवाहू पट्ट्यानं हलक्या वजनाचं राष्ट्रकुल सुवर्ण आणि भारी वजनाची गदा, दोन्ही घरी आणलं. बालारफिकच्या गदेची जेवढी बूज झाली, तेवढी राहुलच्या सुवर्णाची फडांवर झाली नाही, असं मला वाटतं. गदा खांद्यावर घेऊन मिरवता येते. १५-७ मिरवता येत नाही, तो समजून घ्यावा लागतो. सरकारनं त्याला पोलीस उपअधीक्षक केलं, २०२०चा अर्जुन पुरस्कार मिळाला, हे सगळं योग्यच झालं. पण फडावरच्या रसिकानं द्यायची दाद अजून बाकी आहे.

ती द्यायची तर २०१९ची जागतिक स्पर्धा पाहावी. कझाकस्तानात, तेव्हाच्या नूर-सुलतानला, म्हणजे आताच्या अस्तानाला. राहुल ६१ किलोंत उतरला. हा गट ऑलिंपिकमध्ये नाही. ५७ किलोंत त्याच स्पर्धेत रवी दहिया होता आणि तो टोकियोची जागा मिळवूनच परतला. ऑलिंपिकचं दार ज्या वजनात नाही, त्या वजनात चार किलो वर जाऊन, आपल्याहून रुंद हाडांच्या मल्लांसमोर राहुल उभा राहिला. उपांत्यपूर्व फेरीत कझाकस्तानच्या रसूल कालियेवला त्याच्याच लोकांसमोर १०-७नं हरवलं. पुन्हा तीच जात: दहा घेतले, सात दिले. मग उपांत्य लढतीत समोर आला जॉर्जियाचा बेका लोमताद्झे, आणि राहुल ६-१०नं हरला. दुसऱ्या दिवशी कांस्यासाठी अमेरिकेचा टायलर ग्राफ, ११-४, आणि जागतिक पदक गळ्यात.

शौकिनांना मी सांगेन की या तिन्ही लढती एका बैठकीत पाहा, आणि हातांकडं न पाहता पायांकडं पाहा. कालियेवच्या लढतीत देणं-घेणं दिसेल. ग्राफच्या लढतीत देणं कमी झालेलं दिसेल, चारच गुण. रात्रीतून सुधारलेली कुस्ती म्हणजे काय, ते तिथं कळतं. पण माझी आवडती लढत लोमताद्झेची, हरलेली. लोमताद्झे त्या वर्षीचा ६१ किलोंचा जगज्जेता ठरला. त्याच्यासमोर आखडून लढणारा पैलवान ०-४ किंवा १-५नं हरला असता आणि अब्रू राखली असं म्हणवून घेतलं असतं. राहुलनं त्याच्यावर सहा गुण चढवले. त्या सहांसाठी किती वेळा आत शिरावं लागलं असेल, आणि त्यातल्या किती वेळा अंग उघडं पडून समोरच्याचे दहा झाले असतील, हे दोन्ही मिळून पाहावं. पुढच्या वर्षी दिल्लीत आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याच ६१ किलोंत त्यानं पुन्हा कांस्य घेतलं.